फॉक्सप्रोमधलं जुनं ऊसबिल: ओळीला ओळ उतरवायचं, की नव्यानं लिहायचं?

बांधावरचा (१२ मे, रात्री १०:१४)

नमस्कार मंडळी. हा प्रश्न महिनाभर डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढतोय.

आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्याचं संगणकाचं काम मी गेली अकरा वर्षं बाहेरून पाहतो. आम्ही तिघंच आहोत. ऊसनोंद, तोडणी प्रोग्राम, वजनकाटा, पंधरवड्याचं ऊसबिल, तोडणी-वाहतुकीचं बिल, सोसायटीच्या कपाती, सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुरुवात १९९६ साली डॉसवरच्या फॉक्सप्रो २.६ मध्ये (डेटा साठवायची आणि त्यावर प्रोग्राम लिहायची जुनी प्रणाली) झाली, २००७ मध्ये ते व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ वर आणलं. आज ३१२ प्रोग्राम फायली आणि साठ हजारांच्या आसपास ओळी आहेत. ज्यांनी लिहिलं ते साहेब निवृत्त होऊन गावी असतात.

मायक्रोसॉफ्टनं फॉक्सप्रोचा आधार जानेवारी २०१५ मध्येच काढून घेतला. तरी ते चालतंय, आणि खरं सांगायचं तर उत्तम चालतंय. पण फॉक्सप्रो येणारा तिशीतला मुलगा शोधून सापडत नाही. काट्याच्या पावत्यांची फाइल दोन जीबीच्या मर्यादेजवळ पोचली, म्हणून आम्ही हंगामवार फायली वेगळ्या केल्या. ऐन गाळपात वीज गेली की इंडेक्स तुटतो आणि पहाटे तीनला मला जाऊन री-इंडेक्स करावं लागतं, बाहेर गाड्यांची रांग. वर संचालक मंडळाला शेतकऱ्याच्या मोबाइलवर त्याच्या गाडीचं वजन लगेच दिसायला हवंय.

तर दोन मार्ग दिसतात. आहे तो प्रोग्राम ओळीला ओळ सी-शार्प या आजच्या भाषेत उतरवायचा आणि डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये न्यायचा. नाहीतर जुनं बाजूला ठेवून, कामकाज समजून घेऊन, सगळं नव्यानं लिहायचं. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण जुना कोड वाचवत नाही. एका फाइलमध्ये ४,२०० ओळी आहेत आणि त्यात एकाच नावाचं व्हेरिएबल नऊ ठिकाणी नऊ अर्थांनी आलंय. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होईल. तुमचे अनुभव सांगा.

कोयनाकाठ (१२ मे, रात्री १०:३१)

धाग्याचं नाव वाचून वाटलं, उसाच्या बिलावरचा वाद आहे. तो आमच्या घरी दर पंधरवड्याला असतोच! वाचतेय, येऊ द्या.

पाटीकोरी (१२ मे, रात्री ११:०२)

नव्यानं लिहा, डोळे झाकून. ओळीला ओळ उतरवण्याचं फळ मी भोगलंय.

आमच्या वितरण व्यवसायातलं सॉफ्टवेअर व्हीबी ६ मध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये होतं. तेव्हा व्हिज्युअल स्टुडिओसोबत एक अपग्रेड विझार्ड यायचा, जुना व्हीबी प्रोग्राम दिला की डॉटनेटमधला (मायक्रोसॉफ्टची नवी प्रणाली, सी-शार्प त्यातलंच) काढून द्यायचा. २०१० च्या आवृत्तीपासून तो काढून टाकला. आम्ही २००६ मध्ये वापरला होता. जे बाहेर आलं ते डॉटनेट होतं, पण विचार सगळा व्हीबी ६ चा. जागोजागी सुसंगततेची लायब्ररी आणि विझार्डनं टाकलेल्या शेकडो सूचना. जुन्या पिढीला ते वाचता येईना, कारण भाषा नवी. नव्या पिढीला वाचता येईना, कारण पद्धत जुनी. कोबॉल या जुन्या भाषेचं जावात असंच झालं की परदेशात त्याला जोबोल म्हणतात.

सरकारी परिपत्रकाचं शब्दशः मराठी भाषांतर आपण सगळ्यांनी वाचलंय. शब्द मराठी असतात, वाक्य कळत नाही. तसं होईल.

कोयनाकाठ (१२ मे, रात्री ११:०९)

@पाटीकोरी, परिपत्रकाचं उदाहरण अगदी पटलं.

टेम्सकाठचा पुणेकर (१३ मे, पहाटे ३:४०)

इथे रात्रीचे अकरा वाजलेत, पण हा विषय सोडवत नाही. पाटीकोरींशी मी सहमत नाही.

मी इंग्लंडमध्ये बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. एप्रिल २०१८ मध्ये इथे टीएसबी बँकेनं आपले सुमारे ५२ लाख ग्राहक लॉइड्सच्या जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर एका शनिवार-रविवारात हलवले. सोमवारी लोकांना आपली खाती उघडेनात, काहींना दुसऱ्यांची खाती दिसली. सुमारे १९ लाख ग्राहक अडकले. मुख्याधिकारी पॉल पेस्टर यांना सप्टेंबरात पद सोडावं लागलं, त्या वर्षीचा खर्च ३३ कोटी पौंडांवर गेला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी वर ४.८६५ कोटी पौंडांचा दंड लावला.

तो भाषांतराचा प्रश्न नव्हता, मान्य. पण बांधावरच्यांच्या दुसऱ्या मार्गात तीच मेख आहे: एका दिवशी जुनं बंद, नवं चालू. बँकेला शनिवार-रविवार तरी मिळतो. गाळप सुरू झालं की काटा चोवीस तास चालतो. फाटकावर दोनशे ट्रॉल्या उभ्या असताना नवं सॉफ्टवेअर बसलं तर तुम्ही काय करणार, वहीत लिहिणार?

बांधावरचा (१३ मे, सकाळी ७:२०)

@टेम्सकाठचा पुणेकर, २०१३ मध्ये एकदा दोन दिवस वहीतच लिहिलं होतं. पुढे दोन महिने तक्रारी निस्तरत होतो. शिवाय १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर १५ टक्के व्याज लागतं. बिल अडकून चालत नाही.

दशांशचिन्ह (१३ मे, सकाळी ९:५५)

मी बारा वर्षं फॉक्सप्रो लिहिलं, आता डॉटनेट लिहितो. कोणताही मार्ग घ्या, पण फॉक्सप्रोतल्या काही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत आणि पैसे बदलतात. तेवढं सांगतो.

सेट एक्झॅक्ट ऑफ. फॉक्सप्रोत हेच मुळात चालू असतं. मग 'कमळ' = 'कम' हे खरं धरलं जातं, कारण उजवीकडचा शब्द संपला की तुलना थांबते. सी-शार्पमध्ये तेच वाक्य खोटं. तुमच्या साठ हजार ओळींत अशा हजारभर तुलना असतील. त्यांतल्या काही लिहिणाऱ्यानं मुद्दाम या गुणावर बेतलेल्या असतील, काही चुकून. कोडकडे बघून कुठली कुठली ते सांगता येत नाही.

आकडे गोल करणं. फॉक्सप्रोचं राउंड २.५ चे ३ करतं. डॉटनेटचं मॅथ-राउंड काही न सांगता वापरलं तर २.५ चे २ करतं, कारण ते जवळच्या सम आकड्याकडे जातं. पायथॉन ३ सुद्धा तेच करतं. त्याहून छुपी गोष्ट म्हणजे डीबीएफच्या (फॉक्सप्रोची डेटाची फाइल) रकान्यात आकडा लिहिताना तो रकान्याच्या दशांश स्थळांइतका आपोआप गोल होतो. जुन्या प्रोग्रामनं मधलं उत्तर आधी तात्पुरत्या फायलीत टाकून पुन्हा वाचलं असेल, तर तिथे आकडा एकदा गोल होऊन गेला आहे आणि कोडमध्ये राउंड हा शब्दच नाही. नव्यानं लिहिणारा सगळा हिशेब मेमरीत करतो, आणि पाच हजार बिलांत चार-सहा पैशांचा फरक पडतो. शेतकरी चार पैशांवरून भांडत नाही. पण लेखापरीक्षकाच्या बेरजा जुळत नाहीत.

पुसलेल्या नोंदी. डीबीएफमध्ये नोंद डिलीट केली की ती जात नाही, फक्त पुढे एक खूण लागते. पॅक करेपर्यंत, म्हणजे फाइल साफ करण्याची आज्ञा देईपर्यंत, ती फायलीत असते. डेटा हलवताना कुणी ती खूण पाहिली नाही, तर वीस वर्षांपूर्वी रद्द केलेल्या पावत्या नव्या डेटाबेसमध्ये जिवंत होऊन येतात. हे मी एका दूध संस्थेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. वारलेल्या सभासदांच्या नावे बिलं निघाली होती, आणि एका घरी ते पत्र पोचलं. त्या घरच्यांना काय वाटलं असेल, हा विचार अजून मनातून जात नाही.

आणि तुमचं ते नऊ अर्थांचं व्हेरिएबल. लोकल म्हणून सांगितलं नाही, तर फॉक्सप्रोतलं व्हेरिएबल आत बोलावलेल्या प्रत्येक प्रोसीजरला दिसतं आणि तिला ते बदलताही येतं. ओळीला ओळ उतरवणारं यंत्र इथे हमखास फसतं.

बांधावरचा (१३ मे, सकाळी १०:३०)

@दशांशचिन्ह, हा प्रतिसाद छापून टेबलासमोर लावला. पॅकचं बघितलं. सभासदांच्या फायलीत १,९०० पुसलेल्या नोंदी आहेत.

खिळाजुळारी (१३ मे, दुपारी १:१५)

अवांतर आहे, पण पुढे उपयोगी पडेल. शेतकऱ्यांची नावं मराठीत आहेत का? असतील तर कुठल्या फॉन्टमध्ये? १९९६ चं काम म्हणजे युनिकोड (अक्षरं साठवायची आजची सर्वमान्य पद्धत) नक्की नाही.

बांधावरचा (१३ मे, दुपारी १:४०)

मराठीतच. जुनी नावं सीडॅकच्या आयएसएमची आहेत, २००७ नंतरची श्रीलिपीत. दोन्ही एकाच रकान्यात.

खिळाजुळारी (१३ मे, दुपारी २:२०)

अरे देवा. मग ऐका. मी छपाईतला माणूस, हे काम वीस वर्षं केलंय.

या फॉन्टांत अक्षर साठवलेलं नसतं, अक्षराचा आकार साठवलेला असतो. 'शिवाजी' लिहिताना पहिली वेलांटी श च्या आधी साठवली जाते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती श च्या नंतर येते. रफाराचं उलटं: 'कर्वे' मधला र् जुन्या फॉन्टात व च्या नंतर बसतो, युनिकोडमध्ये आधी. जोडाक्षरांचे अर्धे तुकडे वेगळे, आणि प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा. त्यामुळे जुन्या डेटात नावानं शोधणं आणि अकारविल्हे लावणं कधी नीट जमलंच नसेल. तुमचे लोक कोड नंबरानंच शोधत असणार.

रूपांतर करणारी साधनं आहेत, पण एका रकान्यात दोन फॉन्ट म्हटल्यावर आधी प्रत्येक नोंद कुठल्या फॉन्टातली ते ठरवावं लागेल. नोंदीची तारीख असेल तर २००७ ही रेघ धरा. आणि रूपांतर झालेली यादी गावातल्याच माणसाकडून वाचून घ्या. 'दऱ्याप्पा' चा 'दर्याप्पा' झालेला संगणकाला कळत नाही, गावाला कळतो.

भाषेच्या निवडीशी याचा संबंध नाही. सी-शार्प घ्या नाहीतर आणखी काही, हे काम चुकत नाही. महिना धरा.

रात्रपाळी (१३ मे, रात्री ८:४५)

मी नवा आहे इथे, वय २६. गेल्या दोन-तीन वर्षांतली दोन उदाहरणं सांगतो, कारण 'भाषांतर म्हणजे वाईट काम' असा सूर दिसतोय.

मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अँडर्स हेल्सबर्ग यांनी जाहीर केलं की टाइपस्क्रिप्ट या भाषेचा कंपायलर (कोड तपासून उतरवणारा प्रोग्राम) गो भाषेत नेणार. त्यांनी मुद्दाम सांगितलं की हे भाषांतर आहे, नव्यानं लेखन नाही. फंक्शनला फंक्शन. लोकांनी विचारलं, रस्ट भाषा का नाही? कारण जुन्या कोडची ठेवण. त्यातल्या रचना एकमेकींकडे बोट दाखवतात आणि मेमरी आपोआप मोकळी होते असं तो गृहीत धरतो. गोमध्ये ती ठेवण तशीच राहते. रस्टमध्ये मुळातून मांडणी बदलावी लागली असती, म्हणजे नव्यानं लेखन आलंच. व्हीएस कोड या एडिटरचा सुमारे १५ लाख ओळींचा कोड तपासायला ७७.८ सेकंद लागायचे ते ७.५ वर आले. आणि लाखो लोकांचे प्रोग्राम ज्या चुकांसह चालत होते त्या चुकाही तशाच राहायला हव्या होत्या.

दुसरं फिश या शेलचं, म्हणजे संगणकाला टाइप करून आज्ञा द्यायच्या प्रोग्रामचं. सी-प्लस-प्लसमधून रस्ट. २०२३ च्या सुरुवातीला काम काढलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ४.० आलं. एकेक भाग बदलत गेले, दोन्ही भाषा एकाच प्रोग्राममध्ये शेजारी नांदत होत्या. साधारण ५७ हजार ओळींच्या ७५ हजार झाल्या. तुमच्याइतकाच आकार आहे बघा! आणि त्यांना दोन वर्षं लागली, तेही इतक्या स्वयंसेवकांचे हात असताना. तुमच्याकडे तिघं आणि पाच महिने आहेत.

पाटीकोरी (१३ मे, रात्री ९:३०)

@रात्रपाळी, उदाहरणं चांगली आहेत, पण कंपायलर आणि ऊसबिल यांत फरक आहे. टाइपस्क्रिप्ट भाषेचे नियम काल होते ते आज आहेत. ऊसबिलाचे नियम तीस वर्षांत किती बदलले? २००९ मध्ये एसएमपी (उसाचा वैधानिक किमान दर) गेला, एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) आला. २०१३ मध्ये लेव्ही साखर, म्हणजे सरकारला ठरल्या दरानं द्यावी लागणारी साखर, बंद झाली. हे सगळं त्या साठ हजार ओळींत पडलेलं असणार. मेलेला कोड तुम्ही मेहनतीनं नव्या भाषेत नेणार का?

आणि नव्यानं लिहिणं फसतंच असंही नाही. नेटस्केप या जुन्या ब्राउझरचं उदाहरण सगळे देतात. १९९८ मध्ये जुना कोड सोडला, नोव्हेंबर २००० पर्यंत नवी आवृत्ती नाही, तोवर इंटरनेट एक्सप्लोररनं बाजार नेला. खरं आहे. पण २००४ चा फायरफॉक्स त्याच नव्यानं लिहिलेल्या कोडमधून उभा राहिला, ते कुणी सांगत नाही.

बांधावरचा (१३ मे, रात्री ९:५०)

पाटीकोरी, आत्ता कोडमध्ये शोधलं. व्हेरिएबलचं नाव अजून एसएमपी आहे, त्यात दर एफआरपीचा भरतो! लेव्हीचे अकरा प्रोग्राम आहेत. मेनूतून काढलेले, फायलीत बसलेले.

टेम्सकाठचा पुणेकर (१४ मे, पहाटे ४:०५)

@पाटीकोरी, फायरफॉक्स उभा राहिला, पण नेटस्केप कंपनी ते पाहायला राहिली नाही. कारखान्याला सहा वर्षं थांबणं परवडेल का, एवढंच विचारतो. मेलेल्या कोडचा मुद्दा मात्र मान्य. लेव्ही उतरवू नये. तो मेलाय हे कळणं सोपं आहे, कारण त्याला कुणी बोलावत नाही. अडचण त्या अटींची, ज्या मेल्यासारख्या दिसतात.

अक्षरमुद्रा (१४ मे, दुपारी १२:१०)

गणिताची प्राध्यापिका आहे, सगळं आयुष्य टेकमध्ये (गणिती मजकूर छपाईसाठी मांडणारं सॉफ्टवेअर) शोधनिबंध लिहिण्यात गेलं. त्यातली एक गोष्ट इथे लागू पडेल.

डोनाल्ड क्नुथ यांनी टेकची आजची आवृत्ती १९८२ मध्ये पास्कलमध्ये लिहिली, वेब नावाच्या त्यांच्याच पद्धतीनं. आज पास्कल फारसं कुणी वापरत नाही. तरी टेक जगभर चालतं, कारण तो मूळ मजकूर वेब-टू-सी हे साधन दर वेळी सीमध्ये उतरवतं. मूळ हलवलेलंच नाही. हे चालतं याचं कारण भाषांतर करणाऱ्या साधनाची हुशारी नव्हे. क्नुथ यांनी ट्रिप नावाची एक चाचणी दिली आहे. कुणीही माणूस कधी लिहिणार नाही असा वाकडातिकडा मजकूर, प्रोग्रामचे कानेकोपरे धुंडाळणारा. तुमच्या प्रोग्रामनं त्यावर अपेक्षित उत्तर दिलं तरच त्याला टेक म्हणायचं.

म्हणून मला वाटतं प्रश्नाचा क्रम चुकलाय. भाषांतर की पुनर्लेखन हे नंतर ठरवा. नवं झालेलं काम जुन्यासारखंच आहे हे तुम्ही कशावरून ओळखणार, ते आधी ठरवा. ती कसोटी हातात असेल तर दोन्ही मार्ग चालतील, नसेल तर दोन्ही बुडवतील.

दशांशचिन्ह (१४ मे, दुपारी १२:४०)

@अक्षरमुद्रा, अगदी हेच. आणि बांधावरच्यांकडे ती कसोटी आयती पडून आहे: मागच्या सगळ्या हंगामांची बिलं! काट्याच्या पावत्या आत घाला, बिल बाहेर काढा, तेव्हाच्या बिलाशी पैशापर्यंत जुळवा. एका हंगामाची किती बिलं होतात?

बांधावरचा (१४ मे, दुपारी १:०५)

साधारण ५५ हजार. २००७ पासूनचा डेटा पूर्ण आहे.

दशांशचिन्ह (१४ मे, दुपारी १:०७)

मग अजून कशाची वाट बघताय!

रात्रपाळी (१४ मे, सायं. ६:२२)

एआयनं उतरवून घ्यायचं का कुणी सुचवलं नाही अजून. आयबीएमनं कोबॉलचं जावा करायचं साधन २०२३ मध्येच काढलंय. अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेनं सीचं रस्ट करण्यासाठी २०२४ मध्ये कार्यक्रम सुरू केला.

दशांशचिन्ह (१४ मे, सायं. ७:००)

@रात्रपाळी, मी वापरून पाहिलं. जुनी फाइल देऊन 'ही काय करते ते मराठीत सांग' म्हटलं की सुंदर सांगतं, त्यासाठी जरूर वापरा. उतरवून मात्र घेतलं तर ते चुका न विचारता दुरुस्त करतं. माझ्या एका फायलीत त्यानं सगळ्या तुलना नीटनेटक्या, पूर्ण शब्दाच्या करून टाकल्या. कोड छान दिसत होता, आणि उत्तर वेगळं येत होतं. मागच्या बिलांची कसोटी असेल तर हे पकडलं जातं.

पंच कार्ड (१५ मे, सकाळी ६:१५)

धागा सावकाश वाचला. मी ७१ वर्षांचा आहे. शहाण्णव ते दोन हजार पुण्यात वायटूकेचं, म्हणजे सन २००० मध्ये दोन आकडी वर्षांचा गोंधळ होऊ नये याचं, काम केलं, परदेशी कंपन्यांचं कोबॉल. दोन आकडी वर्ष शोधायचं, पन्नासच्या आत असेल तर दोन हजार धरायचं, वर असेल तर एकोणीसशे. कोड वाचून देणारी चांगली साधनं तेव्हाही होती. टाटांची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था १९८१ पासून पुण्यात आहे, तिथे या विषयावर पुष्कळ काम झालं. पण साधन सांगायचं तारीख कुठे आहे. ती तिथे का आहे, हे माणसालाच विचारावं लागायचं.

बांधावरचा, तुम्ही मुलासारखे आहात म्हणून सांगतो. पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंत, ज्यांनी लिहिलं ते साहेब निवृत्त होऊन गावी असतात. इतके प्रतिसाद झाले, तुम्ही त्यांच्याकडे गेलात का, हे कुणीच विचारलं नाही. तुम्हाला जो कोड वाचवत नाही, तो त्या माणसानं कुणाकुणाच्या पुढ्यात बसून लिहिलाय. शेतकी अधिकारी, वाहतूकदार, मुकादम, सोसायटीचे सचिव, प्रत्येकाशी एकेक तोड निघाली आणि ती एकेक अट होऊन आत बसली. ते कुठल्याही ठरावात लिहिलेलं नसेल. एक दिवस काढा. कागदावर प्रश्न लिहून न्या.

कोयनाकाठ (१५ मे, सकाळी ८:३०)

काका, नमस्कार तुम्हाला.

बांधावरचा (२५ मे, रात्री ९:१५)

काल जाऊन आलो. पंच कार्ड काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

साहेबांना ७४ वर्षं आहेत, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण प्रोग्रामची नावं तोंडपाठ. मी अशा २३ अटी काढून नेल्या होत्या ज्यांचा अर्थ लागत नव्हता. पाच तास बसलो. अकरा त्यांनी स्वतःच 'काढून टाक' म्हणून सांगितल्या. बाकी बारा जिवंत निघाल्या.

त्यातली एक सांगतो. वाहतूक बिलात एका गावासाठी, वाहन बैलगाडी असेल तर, अंतरात चार किलोमीटर वाढवले आहेत. नुसता आकडा, शेजारी खुलासा नाही. मी समजत होतो की तिथे पूर्वी पूल नव्हता, गाड्या फिरून यायच्या. २००३ मध्ये पूल झाला, तेव्हा ही अट मेली. नव्यानं लिहिताना मी ती नक्की वगळली असती. साहेब म्हणाले, 'पूल झाला, पण त्याचा चढ बघितलास का? भरलेल्या गाडीला बैल तो चढ ओढत नाहीत. गाडीवाले आजही खालच्या रस्त्यानंच येतात.' येताना मुद्दाम थांबून पूल पाहिला. चढ खरंच उभा आहे. बैलगाडीवाल्यांच्या कुटुंबांचा पाच महिन्यांचा हिशेब त्या चार किलोमीटरवर आहे. मी तो एका रात्रीत कापला असता, आणि त्यांना कुणी कारणही सांगू शकलं नसतं.

मंडळासमोर असं मांडलंय: काटा या हंगामात जुनाच राहील. फक्त ऊसबिल आणि वाहतूक बिल सी-शार्पमध्ये, जुन्या हिशेबाला धरून, ओळीला ओळ. लेव्ही आणि साहेबांनी सांगितलेल्या अकरा अटी वगळून. आकडे जुन्यासारखेच गोल करायचे, जिथे तुलना अर्धवट तिथे अर्धवटच. तीन जुने हंगाम पैशापर्यंत जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही. मोबाइलवरचं वजन जुन्या काट्याच्या फायलीतून फक्त वाचून दाखवायचं. ते नवं काम आहे, ते नव्यानं लिहू. पडदे (स्क्रीन) आणि नोंदणी पुढच्या वर्षी, ते पाटीकोरींच्या पद्धतीनं.

पाटीकोरी (२५ मे, रात्री १०:००)

बैलगाडीचं वाचून गप्प झालो. बिलाच्या बाबतीत माझा सल्ला मागे घेतो. पडद्यांच्या बाबतीत मात्र ठाम आहे, तिथे जुनं काही ठेवू नका.

खिळाजुळारी (२६ मे, सकाळी ११:११)

नावांची यादी पाठवा, फॉन्टाचं काम मी करून देतो. पैसे नकोत. काकवी पाठवा एक बरणी.

रात्रपाळी (१८ नोव्हेंबर, रात्री ८:०२)

धागा वर काढतोय. हंगाम सुरू झाला असेल ना? काय झालं?

बांधावरचा (२३ नोव्हेंबर, रात्री ११:४८)

पहिल्या पंधरवड्याचं बिल आज झालं. जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालवलं, वाटप जुन्याच्या आकड्यानं. ३,९४६ बिलं, त्यातली नऊ जुळली नाहीत.

आठांत चूक आमची होती. एकाच दिवशी बैलगाडी आणि ट्रॉली दोन्हींतून ऊस आलेले शेतकरी, तिथे क्रम उलटा लागत होता. दुपारपर्यंत दुरुस्त केलं.

नववं बिल दिवसभर सुटेना. शेवटी कळलं की जुनंच चुकतंय. एका सोसायटीचा कोड 'के'. तिच्या सभासदांनी इमारतीसाठी टनामागे एक रुपया कापून द्यायचं ठरवलं होतं. २०११ मध्ये शेजारच्या गावात नवी सोसायटी झाली, तिला कोड दिला 'केव्ही'. दशांशचिन्ह, तुमचंच वाक्य: उजवीकडचा शब्द संपला की तुलना थांबते. जुना प्रोग्राम 'केव्ही' ला 'के' समजून त्यांचाही रुपया कापत आलाय, आणि तो पहिल्या सोसायटीच्या इमारतीत जमा होतोय.

दशांशचिन्ह (२३ नोव्हेंबर, रात्री ११:५५)

पण तुम्ही तर अर्धवट तुलना तशाच उतरवणार होता. मग जुळलं कसं नाही? मागच्या तीन हंगामांत का सापडलं नाही?

बांधावरचा (२४ नोव्हेंबर, रात्री १२:१०)

तीन हंगाम जुळले होते, कारण तेव्हा दोन्ही सारखेच चुकत होते. ऑक्टोबरात आमच्यातल्या धाकट्यानं ती एक तुलना पूर्ण शब्दाची केली आणि सांगायचं राहिलं. मी रागावलो नाही, पण बदल वहीत लिहिल्याशिवाय करायचा नाही असं ठरवलं. त्या गावचा या पंधरवड्यात एकाच शेतकऱ्याचा ऊस आलाय, म्हणून एकच बिल दिसलं. सभासद ३८ आहेत.

पंच कार्ड (२४ नोव्हेंबर, सकाळी ६:०५)

त्या ३८ जणांचं काय करणार?

बांधावरचा (२९ नोव्हेंबर, सायं. ५:३०)

काका, २०११ पासूनची सगळी बिलं नव्या प्रोग्रामवर पुन्हा काढली, सभासदवार यादी करून कार्यकारी संचालकांना दिली. काल मंडळात मंजूर झाली. पुढच्या पंधरवड्याच्या बिलात ती रक्कम 'मागील फरक' म्हणून जमा होईल. तिघे वारलेत, त्यांच्या वारसांची नावं गावच्या सचिवांकडून मागवली आहेत. यादी युनिकोडमध्ये आहे, खिळाजुळारींनी नावं तपासून दिली. काकवी उद्या निघतेय.